वस्तऱ्यापासून सेफ्टी रेझरपर्यंत

सकाळीं उठून आरशासमोर उभें राहावें आणि स्वतःच्या हातानें स्वतःची दाढी करावी, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती फार जुनी नाहीं असें सांगितलें तर कित्येकांस नवल वाटेल. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांतील सामान्य गृहस्थ आपली दाढी आपण करीत नसे. आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां, न्हावी ओसरीवर येई, धोकटी सोडी, वाटींत पाणी मागून घेई, आणि घरांतील कर्त्या पुरुषापासून पोरांपर्यंत एकेकजण त्याच्यापुढें मांडी घालून बसे. वार पाहिला जाई, तिथि पाहिली जाई. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या या दिवशीं क्षौर वर्ज्य मानीत. क्षौर झाल्यावर स्नान केल्यावांचून कोणी घरांत वावरत नसे. दाढी ही दोघांनीं मिळून करावयाची गोष्ट होती. मान एकाची आणि हात दुसऱ्याचा. ती एकट्या माणसाच्या हातीं आली ती सेफ्टी रेझर नांवाच्या एका लहानशा यंत्रामुळें.

हें यंत्र मध्यंतरीं मागें पडलें होतें. वापरून फेकून द्यावयाचे प्लास्टिकचे रेझर आणि एकाखालीं एक अशीं दोन-तीन-पांच पातीं बसविलेलीं महागडीं काडतुसें यांनीं त्याची जागा घेतली. अलीकडे मात्र कांहीं तरुण मंडळी पुन्हां धातूचा रेझर, ब्रश आणि साबणाची वाटी यांकडे वळूं लागलीं आहेत. अशा एखाद्या गृहस्थानें छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे मागच्या पिढ्यांच्या औरंगाबादेंत, गुलमंडीवरच्या दुकानांत जाऊन आपला पहिला सेफ्टी रेझर मागितला, तर कोणता घ्यावा आणि त्यांत कोणतें पातें घालावें हा प्रश्न त्याला पडतोच. प्रश्न किरकोळ आहे खरा. परंतु त्याच्या मागें जो इतिहास उभा आहे तो किरकोळ नाहीं, आणि त्यांतला बराचसा याच मुलखांत घडलेला आहे.

या शहराच्या उत्तरेस मकबऱ्यामागच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. अजिंठा येथून सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांचा आरंभ इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतला, आणि त्यांचा बहर पांचव्या शतकांतला. तेथें राहणाऱ्या भिक्षूंचें मुंडण केलेलें मस्तक सर्वांना ठाऊक आहे. तें मुंडण करणाऱ्या हत्याराची आठवण मात्र सहसा कोणास होत नाहीं. भिक्षूनें जवळ बाळगावयाच्या ज्या आठ वस्तु परंपरेनें सांगितल्या आहेत त्यांत तीन चीवरें, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि पाणी गाळण्याचें साधन यांबरोबर वस्तराही आहे. विनयपिटकांत वस्तरा, त्याला धार लावण्याचा दगड आणि तो ठेवण्याची पिशवी यांस मुद्दाम अनुज्ञा दिलेली आहे. केस दोन महिन्यांहून अधिक काळ किंवा दोन बोटांहून अधिक लांब वाढूं देऊं नयेत असाही दंडक आहे. अन्न भिक्षेचें, वस्त्र दानाचें, पण वस्तरा स्वतःजवळचा, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हे नियम ज्यानें पहिल्या संगीतींत म्हणून दाखविले तो उपाली जातीनें न्हावी होता. शाक्य कुळांतील राजपुत्र संघांत प्रवेश करावयास निघाले तेव्हां त्यांचा हा न्हावी त्यांच्याबरोबर होता. राजपुत्रांनींच बुद्धाला विनंती केली कीं, याला आमच्या आधीं दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला याला वंदन करावें लागेल आणि आमचा कुलाभिमान उतरेल. बुद्धाच्या निर्वाणानंतर राजगृहास जी सभा भरली तींत धर्म आनंदानें सांगितला आणि विनय उपालीनें. त्याच विनयांत आणखी एक मौजेची कथा आहे. आतुमा नांवाच्या गांवीं एक वृद्ध भिक्षु राहत असे. दीक्षेपूर्वीं तो न्हावी होता. बुद्ध संघासह येणार असें कळतांच त्यानें आपल्या दोन मुलांना न्हाव्याचीं हत्यारें देऊन घरोघर पाठविलें आणि हजामतीच्या निमित्तानें मीठ, तेल, तांदूळ गोळा करविले. बुद्धाला हें रुचलें नाहीं. पूर्वीं न्हावी असलेल्या भिक्षूनें तीं हत्यारें बाळगूं नयेत असा नियम झाला. वस्तरा जवळ असावा, पण त्याच्या जोरावर कोणाकडून कांहीं काढूं नये, हा त्यांतला भाव दिसतो.

पुढें मराठी गांवगाड्यांत न्हावी बारा बलुतेदारांपैकीं एक झाला. मराठवाड्यांत त्याला वारीक असेंही म्हणतात. त्याचें वेतन रोख नसे. सुगीच्या वेळीं खळ्यावर जाऊन तो आपल्या वाट्याचें धान्य घेई, आणि वर्षभर गांवाची हजामत करी. जावळ, मुंज, लग्न, सुतक या सर्व प्रसंगीं त्याचा वस्तरा लागे. धोकटींत वस्तरे, कातर, नखें काढण्याची नराणी, चिमटा, सहाण, चामड्याचा पट्टा, वाटी आणि हातांत मावेल एवढा आरसा असे. वस्तऱ्याची धार राखणें ही विद्या होती. सहाणेवर धार काढावी, पट्ट्यावर ती मऊ करावी, अंगठ्याच्या नखावर पाहावी. आणि एवढें करूनही गिऱ्हाइकाच्या गालाची ठेवण, केसांचा ओघ आणि त्याचा स्वभाव हे तिन्ही ओळखावे, तेव्हां कोठें रक्त न काढतां दाढी होई. ज्याला घाई असे तो बिनपाण्यानें हजामत करी, आणि ती म्हण भाषेंत कायमची राहिली. या जातींत सेना न्हाव्यासारखा संत झाला, ज्यानें आपल्याच धंद्यांतील हत्यारांना अभंगांत अर्थ दिला. परंपरा ज्यांना याच समाजांतले मानते असे प्रतापगडचा जिवा महाला (१६५९) आणि पन्हाळ्याचा शिवा काशीद (१६६०) झाले. परक्याच्या हातीं उघडा वस्तरा देऊन आपला गळा पुढें करावा, हा विश्वास रोजच्या व्यवहारांतला होता. जिवा महालानें तो रणांत खरा केला.

परंतु या चित्राला एक दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून या विषयावर बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. न्हाव्याचा हात सर्वांना मिळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें बालपण साताऱ्यास गेलें. आपल्या आठवणींच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनांत त्यांनीं सांगितलें आहे कीं, घरांतील मुलांचे केस कापण्याचें काम त्यांची थोरली बहीण करी. साताऱ्यांत न्हावी नव्हते असें नाहीं, न्हाव्याला द्यावयास पैसे नव्हते असेंही नाहीं. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावावयास कोणी न्हावी तयार नव्हता, एवढेंच. भावाचे केस कापणारी ती मुलगी डोळ्यांसमोर आणली म्हणजे वस्तरा कोणाच्या हातीं असावा हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं.

याच लेखनांत औरंगाबादेजवळचा एक प्रसंग आहे. १९३४ सालीं बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ पाहावयास निघाले होते. हा सारा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. वाटेंत दौलताबादचा किल्ला पाहावयाचें ठरलें. प्रवासाच्या धुळीनें माखलेल्या मंडळींनीं किल्ल्याच्या दाराशीं असलेल्या भरल्या टाक्यावर तोंडहात धुतले. आणि तेवढ्यावरून पाणी बाटविलें म्हणून एकच गिल्ला झाला. अखेर त्यांना आंत सोडलें तें एका शस्त्रधारी शिपायाच्या पहाऱ्यांत, किल्ल्यांत कोठें त्यांनीं पाण्याला हात लावूं नये म्हणून. पाणी आणि वस्तरा, माणसाला स्वच्छ करणाऱ्या या दोन्ही वस्तु. दोन्ही नाकारल्या कीं माणूस अस्वच्छ आहे असें म्हणावयास जग मोकळें.

नकाराची हीच चव गांधीजींना दक्षिण आफ्रिकेंत मिळाली. प्रिटोरियांतील एका गोऱ्या न्हाव्यानें त्यांचे केस कापण्याचें तिरस्कारानें नाकारलें. गांधीजींनीं केस कापण्याचें यंत्र विकत घेतलें आणि आरशासमोर उभें राहून स्वतःच केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले. कोर्टांतील मित्र पोट धरून हंसले. पण आत्मचरित्रांत हा प्रसंग सांगतांना ते त्या न्हाव्याला दोष देत नाहींत. काळ्यांची हजामत केली असती तर त्याचीं गोरीं गिऱ्हाइकें तुटलीं असतीं. आणि आपले लोक तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा कोठें करूं देतात, असें ते विचारतात. न्हाव्याच्या मागें गांव उभा असतो, ही गोष्ट त्यांनीं नेमकी हेरली होती.

न्हाव्यावर सारा दोष टाकणें म्हणूनच न्यायाचें होणार नाहीं. जो हात एकास नाकारला जाई तोच हात दुसऱ्यावर सक्तीनें चालविला जाई. उच्चवर्णीय विधवेचें केशवपन ही रूढि न्हाव्याच्या वस्तऱ्यावांचून चालणें शक्य नव्हतें. सत्यशोधक चळवळींतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें १८९० सालीं मुंबईंत न्हाव्यांनीं सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे ते हेच लोखंडे, आणि ती सुटी मिळाली तें सालही तेंच. सुधारणेवर ग्रंथ लिहिणाऱ्यांना जें जमलें नाहीं तें धोकटी बंद ठेवून साधतां येईल, हें त्या सभेनें दाखविलें. पोटावर पाय येण्याचा धोका पत्करून एखाद्या धंद्यानें स्वतःहून नकार द्यावा, असे प्रसंग इतिहासांत थोडेच सांपडतील.

अशा वेळीं समुद्रापलीकडे निराळेंच कांहीं घडत होतें. आपली दाढी आपण करण्याची खटपट युरोपांत अठराव्या शतकापासून चालू होती. पॅरिसचा झां-झाक पेरे नांवाचा सुऱ्या-कात्र्या घडविणारा कारागीर. त्यानें १७६९ च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या विद्येवर एक पुस्तकच लिहिलें, आणि सुताराच्या रंध्याप्रमाणें पात्याची फक्त कडच बाहेर राहील असें लांकडी कोंदण वस्तऱ्याला बसविलें. १८४७ सालीं इंग्लंडांत हेन्सन यानें पातें मुठीला आडवें बसविण्याची युक्ति काढली. आजच्या रेझराचा आकार तेथून आला. १८८० सालीं न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनीं आडव्या पात्यापुढें सळीचा कुंपणासारखा अडथळा ठेवून 'सेफ्टी रेझर' या नांवानें पेटंट घेतलें. पण हीं सर्व पातीं जाड, घडीव पोलादाचीं. त्यांना रोज पट्ट्यावर घांसावें लागे, आणि धार गेली कीं पुन्हां कारागिराकडे धांवावें लागे. अडचण अर्धीच सुटली होती.

ती पुरती सुटली ती किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याच्या हातून. जिलेट बाटल्यांचीं बुचें करणाऱ्या कंपनींत होता. एकदां वापरून टाकून द्यावी अशी वस्तु शोधून काढ, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हां पुन्हां येत राहील, असा सल्ला त्याला त्या बुचांचा संशोधक पेंटर यानें दिला होता. १८९५ सालीं एके सकाळीं बोथट वस्तरा हातांत घेऊन उभा असतां त्याला सुचलें, कीं दाढीला लागते ती फक्त कड; तिच्यामागचें एवढें जाड पोलाद कशाला? कागदासारखा पातळ पत्रा दोन तबकड्यांत आंवळून धरला तर काम झालें. कल्पना सोपी, पण इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार धरवावयाची कशी, याचें उत्तर त्याच्याजवळ नव्हतें. जाणत्यांनीं तें अशक्य म्हणून सांगितलें. विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानें तीं यंत्रें उभीं केलीं. १९०१ सालीं कंपनी निघाली. १९०३ सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, अवघे ५१ रेझर आणि १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं रेझरांची संख्या ९०,८८४ झाली, आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजीं पेटंटही हातीं आलें. रेझराची किंमत पांच डॉलर होती, म्हणजे त्या काळच्या मजुराला तो सहज परवडणारा नव्हता. गंमत अशी, कीं हाच जिलेट खाजगी स्पर्धेचा कडवा विरोधक होता. सर्व उद्योग एका सामाईक महामंडळाच्या ताब्यांत असावेत असें प्रतिपादन करणारें पुस्तक त्यानें १८९४ सालींच लिहिलें होतें. जगानें त्याचें पुस्तक बाजूला ठेवलें आणि पातें घेतलें. पात्यांच्या पाकिटावर छापलेला त्याचा मिशाळ चेहरा देशोदेशीं पोंचला. दुसऱ्यांच्या मिशा उतरविणाऱ्याला स्वतःच्या राखाव्याशा वाटल्या.

१९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली तेव्हां तिच्या सैनिकांसाठीं सुमारें ३५ लक्ष रेझर पुरविले गेले. लाखों तरुण खंदकांत स्वतःची दाढी करावयास शिकले आणि घरीं परतल्यावर ती संवय त्यांनीं सोडली नाहीं. मूळ पेटंटाची मुदत १९२१ सालीं संपली आणि नाना देशांच्या कारखान्यांनीं तसलींच पातीं काढलीं. आरंभीं पात्याला तीन भोंकें असत. १९३० च्या सुमारास त्यांची जागा मधल्या लांबट खांचेनें घेतली. जगांतील कोणत्याही कारखान्याचें पातें कोणत्याही रेझरांत बसतें ही जी सोय आज आहे ती या खांचेची. दुधारी पात्याचें माप सुमारें ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाड. तें शंभर वर्षांत जवळजवळ बदललेलें नाहीं. पिढ्यान् पिढ्या जें बदललें नाहीं अशा घरगुती यंत्रांत याची गणना करावी लागेल.

हिंदुस्थानांत हीं पातीं प्रथम परदेशांतूनच आलीं. पूर्वीं शेफील्डचे आणि सोलिंगेनचे वस्तरे येत, आतां इंग्लंड-जर्मनीचीं पातीं येऊं लागलीं. औरंगाबादेस मुंबईचा माल मनमाडपर्यंत मोठ्या रेल्वेनें येई आणि तेथून निजाम सरकारच्या मुलखांतील लहान रुळांच्या गाडीनें. ही हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली होती. राज्याचें नाणें निराळें. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब करून परमुलखाचा माल घ्यावा लागे. तेव्हां पातें ही जपून वापरावयाची वस्तु होती. तीं साध्या पोलादाचीं असत. ओलीं ठेवलीं तर गंजत, आणि पावसाळ्यांत तर पुसून ठेवलीं तरी गंजत. दुसऱ्या महायुद्धांत पातीं मिळेनाशीं झालीं तेव्हां कांचेच्या पेल्याच्या आंतल्या बाजूवर बोटानें दाबून पातें इकडून तिकडे घांसावें आणि आणखी चार दिवस काढावे, ही युक्ति देशोदेशीं चालली. निरुपयोगी झालेल्या पात्याला तरी कोठें निवृत्ति होती? शिवण उसविणें, पेन्सिलीला टोंक काढणें, हीं कामें त्याचींच.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झालें. १९५० सालीं बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय या नांवानें प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हें नांव मिळालें. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजीं बसविली गेली. ज्या जिल्ह्यांत तोंड धुतल्याबद्दल सतरा वर्षांपूर्वीं गिल्ला झाला होता, तेथेंच ही गोष्ट घडली. खेड्यापाड्यांतून या ठिकाणीं येणाऱ्या मुलांच्या गांवांतून न्हाव्याच्या नकाराची रूढि तोंवर गेलेली नव्हती. संविधानानें अस्पृश्यता नष्ट केली तरी सेवा नाकारणें हा शिक्षापात्र गुन्हा ठरविणारा कायदा व्हावयास १९५५ साल उजाडावें लागलें. आणि कायदा झाला म्हणजे खेड्यांतली धोकटी लगेच उघडते असें नाहीं. सेफ्टी रेझरानें जातिभेद मोडला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. यंत्रें असलीं कामें करीत नाहींत. पण कोणाच्या मर्जीवांचून, कोणाच्या ओसरीपाशीं तिष्ठत न बसतां, स्वतःचा चेहरा स्वतः नीटनेटका करून शाळेंत, कचेरींत, सभेंत जातां येतें, ही सोय चार आण्यांच्या पाकिटानें कोणालाही जात न विचारतां दिली. ज्याला न्हावी कधीं नाकारला गेला नाहीं त्याला हिचें मोल सहसा कळणार नाहीं.

स्वातंत्र्यानंतर पातीं देशांत होऊं लागलीं. कलकत्त्याच्या हरबन्सलाल मल्होत्रा यांचें टोपाज आणि ठाण्याच्या कारखान्यांतलें सुपरमॅक्स हीं नांवें घरोघरीं झालीं. १९६२ च्या सुमारास इंग्लंडांत विल्किन्सन सोर्ड या तरवारी घडविणाऱ्या जुन्या पेढीनें न गंजणाऱ्या पोलादाचें पातें बाजारांत आणलें आणि जिलेटसारख्या बलाढ्य कंपनीला तिच्यामागें धांवावें लागलें. पोलादांत क्रोमियम मिसळल्यानें गंज टळला, आणि धारेवर अतिशय पातळ लेप दिल्यानें पातें केसांतून ओढ न लागतां सरकूं लागलें. आज मिळणारीं बहुतेक पातीं याच जातीचीं.

आतां त्या गुलमंडीवरच्या गिऱ्हाइकाकडे वळावयास हरकत नाहीं. पहिला रेझर घेतांना तो सौम्य असावा, म्हणजे पात्याची कड कुंपणाबाहेर फार डोकावत नसावी. कंगव्यासारखे दांते असलेले रेझर वाढलेल्या दाढीला चांगले, पण नवशिक्यानें सलग पट्टीचाच घ्यावा. मूठ, खालची तबकडी आणि टोपण अशा तीन भागांचा रेझर सर्वांत साधा. त्यांत बिघडण्यासारखें कांहीं नसतें आणि तो धुवावयासही सोपा. मूठ फिरवितांच फुलपांखरासारखें टोपण उघडणारे रेझर दिसावयास मोहक, परंतु त्यांच्या बिजागऱ्यांत साबणाचा साका बसतो. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला असेल तर उत्तम. हलक्या मिश्रधातूचा मुलामा उडाला कीं आंतला भाग झिजूं लागतो. वजन हातांत जाणवेल इतकें असावें, कारण दाब हातानें द्यावयाचा नसतो, तो वजनानेंच पडावा लागतो. पातें बसवून दोन्ही बाजूंनीं सारखी कड दिसते कीं नाहीं एवढें दुकानांतच पाहून घ्यावें.

पात्यांच्या बाबतींत मात्र शहाण्यानें दुसऱ्याचें ऐकूं नये. एकाच्या गालावर जें लोण्यासारखें चालतें तें दुसऱ्याच्या गालावर ओरखडे काढतें. केसांचा जाडपणा, कातडीचा नाजूकपणा आणि रेझराची ठेवण यांचा जो मेळ बसेल तो खरा. म्हणून आरंभींच शंभराचा गठ्ठा न घेतां चार-पांच प्रकारांचें एकेक लहान पाकीट घ्यावें, आणि पहिले कांहीं दिवस रेझर न बदलतां पातींच बदलून पाहावीं. एकाच वेळीं रेझर, साबण आणि पातें तिन्ही बदलणाराला कशानें काय झालें हें कधींच कळत नाहीं. एका पात्यावर तीन ते पांच दाढ्या व्हाव्या. ओढ लागूं लागली कीं काटकसर सोडावी.

पाण्याकडेही लक्ष हवें. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें आणि कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें; त्यांतील क्षारांशीं साबणाचा चिकट साका होतो आणि फेस धरत नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत या शहरासाठीं डोंगरांतून नहर आणला. आज पाणी पैठणच्या नाथसागरांतून येतें. ज्याच्या घरीं कूपनलिकाच आहे त्यानें दाढीपुरतें तांब्याभर हलकें पाणी निराळें ठेवावें, म्हणजे निम्मी तक्रार नाहींशी होईल. दाढी स्नानानंतर करावी, हा जुन्या शिरस्त्याच्या उलट सल्ला आहे, पण केस भिजून मऊ झालेले असतात हें त्याचें कारण. ब्रशानें फेस चोळावा, रेझर गालाशीं सुमारें तीस अंशांचा कोन करील असा धरावा, केसांच्या ओघानें लहान लहान ओढी घ्याव्या, आणि शेवटीं गार पाणी व तुरटीचा खडा फिरवावा. तुरटी मात्र धोकटींतलीच. तिच्याहून सरस वस्तु अजून निघालेली नाहीं.

आणि धोकटीचें काय झालें? ती दुकानांत गेली. १९८० नंतरच्या काळांत रक्तांतून पसरणाऱ्या रोगांची भीति वाढली, आणि एकच वस्तरा दहा जणांच्या गळ्यावरून फिरविणें गिऱ्हाइकांना व कारागिरांनाही नकोसें झालें. तेव्हां वस्तऱ्याच्या आकाराची पोकळ मूठ आली, आणि तींत जिलेटचेंच दुधारी पातें मधोमध मोडून बसविलें जाऊं लागलें. आज शहागंजांतल्या किंवा पैठण दरवाजाच्या रस्त्यावरील दुकानांत खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकासमोर कारागीर नवें पाकीट फोडतो, पातें कागदासकट दुमडून मोडतो, अर्धें मुठींत सरकवितो, आणि उरलेलें अर्धें पुढच्या गिऱ्हाइकासाठीं कागदांत गुंडाळून बाजूला ठेवतो.